चि. शून्य शिल्लक खात्यास

प्रति,
शून्य शिल्लक बचत खाते,
मुक्काम : लोखंडी पेटी, निळी प्लॅस्टिकची पिशवी,
तालुका कळंब, जिल्हा धाराशिव (पासबुकावर अजून उस्मानाबाद).

विषय : आपली निवड केल्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार हा अल्पभूधारक शेतकरी असून... जाऊ दे. हात आपोआप तिकडंच वळतो. गेल्या दोन वर्षांत बँकेला एवढे अर्ज लिहिले की परवा व्याह्यांना येळवशीचं आवतन मोबाइलवर धाडताना शेवटी 'आपला विश्वासू, अर्जदार' असं टाकून मोकळा झालो. व्याही रानात आले, भज्जी-आंबील पोटभर खाल्ली आणि निघताना म्हणाले, "अर्ज मंजूर."

तुला मायना काय लिहावा, यावर घरात बराच खल झाला. वयानं तू अकरा वर्षांचं, म्हणजे चिरंजीव. पण गेले काही महिने घर तुझ्या जिवावर चाललंय, तेव्हा मानानं तीर्थरूप. शेवटी बायकोनं निकाल दिला : "चिरंजीवच लिवा. तीर्थरूप म्हणून पुजलेलं एक खातं बघितलंय आपुन." चिरंजीव ठरल्यावर 'महोदय' आणि 'आपण' आपसूक गळून पडलं. तुला तू म्हणतो. राग मानू नकोस.

इकडील सर्व क्षेम आहे. थकलेल्या पीककर्जाच्या तडजोडीचे दोन हप्ते गेले, दोन राहिले. एकरकमी परतफेड म्हणून जिचं नाव कागदावर आहे ती आम्ही पाच तुकड्यांत करतोय. आधी साठ हजार, मग पंचेचाळीस हजारांचे चार हप्ते, मिळून दोन लाख चाळीस हजार. आता फेब्रुवारीत तिसरा आणि मे महिन्यात चौथा. एक चुकला की तडजोड मोडली आणि सोडून दिलेलं व्याज पुन्हा उठून बसलं. रानात हरभरा फुलावर आहे. शेळी व्याली, दोन करडं झाली. उस्मानाबादी जातीला जुळ्यांचं नवल नाही. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळीचं मात्र कुणी बदललं नाही. तुझ्या पासबुकाची आणि तिची म्हणून एक पंगत.

आता तुझ्याशी बोलायचं ते बोलतो. आधी माफी मागतो, कारण ती राहिली तर पुढचं सगळं खोटं वाटेल.

तुझा जन्म मला लख्ख आठवतो. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली आणि पुढं काही दिवसांतच गावच्या शाळेत टेबलं लागली. तिकडं दिल्लीत एका आठवड्यात एक कोटी ऐंशी लाख खाती उघडल्याचा विक्रम गिनीजच्या पुस्तकात गेला, इकडं आमच्या शाळेत फोटोवाल्याकडं पांढरा पडदा नव्हता म्हणून मास्तरांचं धोतर मागं धरलं. तू त्या धोतरासमोर जन्मलंस. बायको म्हणाली, काढून ठेवा, कधी तरी पडंल उपयोगी. मी हसलो. माझं मोठं खातं होतं ना तालुक्याला! पीककर्जाचं, चेकबुकाचं, साहेब नावानं ओळखणारं. त्याच्यापुढं तू म्हणजे शून्य. पासबुकात पहिल्याच ओळीला शून्य, दुसरी ओळच नाही. तुझं रुपे कार्ड नातवानं पत्त्यांच्या कॅटमध्ये जोकर म्हणून घातलं. ते कार्ड अपघाताआधी नव्वद दिवसांत एकदा तरी वापरलेलं असेल तरच अपघात विमा मिळतो, हे मला पुढं कळलं. जोकर म्हणून वापरलेलं चालत नाही, हेही कळलं.

तुझी कुळकथाही मी फार उशिरा वाचली. रिझर्व्ह बँकेनं २००५ मध्ये बँकांना सांगितलं की गरिबासाठी बिनखर्चाचं साधं खातं काढा. त्याला तेव्हा 'नो फ्रिल्स' म्हणत, म्हणजे बिनझालरीचं. झालर नसलेल्या परकरासारखं. २०१२ मध्ये ते नाव बदलून मूलभूत बचत ठेव खातं केलं. किमान शिल्लक नाही, दंड नाही, एटीएम कार्ड फुकट, भरणा हवा तेवढा, महिन्याला चार काढण्या हक्काच्या. आज जनधनच्या नावानं तुझी भावंडं पन्नास कोटींच्या पुढं गेलीत आणि त्यातली निम्म्याहून जास्त बायाबापड्यांच्या नावावर आहेत. पुरुषांनी तुला कमी लेखलं, असं म्हणायला हरकत नाही. त्यात मीही आलो.

एक आठवण मात्र तुझ्या-माझ्या दोघांच्या अभिमानाची आहे. नोव्हेंबर २०१६. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि जन्मात कधी चहाला न विचारणारा एक पाहुणा दारात उभा राहिला. "तुमचं ते शून्याचं खातं मोकळंच आहे की. तेवढं चाळीस हजार त्याच्या पोटात राहू द्या महिनाभर." मी नको म्हणालो. तत्त्वाचा मोठेपणा नव्हता रे, भीती होती. पण महिनाअखेर रिझर्व्ह बँकेनं जनधनमधून महिन्याला दहा हजारांच्या वर काढायला बंदी घातली, तेव्हा गावातली चार-पाच फुगलेली खाती बघून बायको म्हणाली, आपलं लेकरू उपाशी राहिलं पण कुणाचं उष्टं खाल्लं नाही.

आता थोरल्याची तक्रार. ते खातं ज्या बँकेत, तिचं नाव लिहीत नाही. माझे वडील हैदराबाद बँकेत जायचे. निजामाच्या राजवटीत १९४१ साली निघालेली, पुढं २०१७ मध्ये स्टेट बँकेत गेलेली. माझं खातं आणि कर्ज दुसरीकडं. शिवाय दोष एका शाखेचाही म्हणता यायचा नाही.

कर्ज विहिरीवरच्या पाइपलाइनचं नव्हतं, लग्नाचंही नव्हतं. निखळ पीककर्ज. दोन वर्षं नवं-जुनं केलं, तिसऱ्या वर्षी पाऊस गेला, मग थकलं. २०१९ च्या शेवटी महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना आली. ३० सप्टेंबर २०१९ ला मुद्दल आणि व्याज मिळून दोन लाखांपर्यंत थकबाकी असणारे सुटले. माझी होती दोन लाख अकरा हजार. वर्गात पस्तीसला पास असताना चौतीस पडलेला पोरगा रडतो, हे ठाऊक होतं. अकरा हजार जास्त पडले म्हणून नापास होणारा मी पहिल्यांदाच बघितला, तोही आरशात. त्यानंतर व्याज चढत गेलं, खातं एनपीएत गेलं. आपल्याकडं थकीत माणसाला दोन प्रकारचे लोक भेटतात : पुढची माफी येईल, भरू नका म्हणणारे, आणि भरायचं काय झालं म्हणणारे. आम्ही दोघांचंही ऐकून सहा वर्षं घालवली.

तेवढ्यात पीकविम्याचे नऊ हजार चारशे आले. मोबाइलवर मेसेज वाजला. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी काउंटरवर. कारकुनानं स्लिप घेतली, बटणं दाबली आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. "बघा. रक्कम दिसतीय. निघत नाही." खरोखर दिसत होती. कुंथलगिरीच्या दुकानात काचेमागं पेढा दिसतो ना, तशी. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, होल्ड आहे. मी विचारलं, कुणी लावला? तो म्हणाला, सिस्टिमनं. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, हे नमूद करतो. त्यानं पाण्याची बाटलीही पुढं केली. पण सिस्टिमला विनंती अर्ज कुठल्या मायन्यानं लिहायचा, हे त्यालाही सांगता येईना.

कळंबच्या कोर्टात ओळखीचे एक वकील आहेत. त्यांच्याकडं गेलो. त्यांनी दोन पुस्तकं काढली. पहिलं भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७१. बँकेच्या हातात आलेली तुमची चीजवस्तू जुन्या येण्यापोटी बँकेला अडवून धरता येते, आणि खात्यातल्या पैशालाही बँका तोच नियम लावतात. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. मी म्हणालो, साहेब, १८७२ मध्ये आपला मुलूख निजामाकडं आणि कायदा इंग्रजाचा. तेव्हा तो आपल्याला लागूच नव्हता. ते हसले. "तेव्हा नव्हता. उशिरा आला, पण तुमचं घर सापडलं त्याला."

दुसरं पुस्तक दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८. कलम ६०. कोर्टानं जप्ती आणली तरी कशाला हात लावायचा नाही, त्याची यादी. अंगावरचे गरजेचे कपडे. स्वयंपाकाची भांडी. अंथरूण-पांघरूण. बाईच्या अंगावरचा, धर्मानं उतरवता न येणारा दागिना. कारागिराची हत्यारं. आणि शेतकरी असेल तर औतं-अवजारं, पोट भरायला लागतील तेवढी जनावरं, आणि बियाणं.

बियाणं हा शब्द वाचला आणि मला वकिलाच्या खुर्चीत बसल्या बसल्या आजी दिसली.

आजीच्या घरात उतरंड होती. सगळ्यात खालच्या मोठ्या गाडग्यात ज्वारीचं बी. राखेत घोळलेलं, वर लिंबाचा पाला, तोंडावर परळ आणि शेणामातीनं लिंपलेलं. बहात्तरच्या दुष्काळात मी पाळण्यात होतो. घरची माणसं खडी फोडायला जात, सुकडी आणि लाल मिलो खात. उतरंडीतली वरची गाडगी एकेक करून रिकामी झाली. खालचं कुणी फोडलं नाही. आजी सांगायची, सावकार घरात येऊन भांडी मोजून गेला, तांब्याचा हंडा नेला, खालच्या गाडग्यावर काठी टेकवून क्षणभर उभा राहिला आणि परत फिरला. मी विचारायचो, दया आली का गं त्याला? ती म्हणायची, "दया नव्हं लेकरा. हिशेब. बी नेलं आसतं तर फुडच्या सुगीला त्यानं न्यायला काय उरलं आसतं?"

एवढंच मला तुझ्यामार्फत सगळ्यांना सांगायचंय, म्हणून हा कागद. सावकाराला जे कळत होतं आणि १९०८ च्या कायद्याला जे कळत होतं, ते होल्डच्या बटणाला कळत नाही. कारण बियाणं आता गाडग्यात राहत नाही. सोयाबीनची बॅग दुकानातून येते, तिचे पैसे खात्यातून जातात. खताचं, औषधाचं, ट्रॅक्टरवाल्याचं तसंच. म्हणजे बियाणं खात्यात राहतं, फक्त ते आकड्यासारखं दिसतं. अवजार वाचवणारा कायदा आकडा ओळखत नाही. धान्याचं पोतं असतं तर जप्तीवाल्यालाही कोर्टासमोर थांबावं लागलं असतं. आकड्याला बटण पुरतं.

वकिलांनी फी घेतली नाही, सल्ला दिला. तडजोड करा, कागदावर करा, आणि ती चालू असेपर्यंत तुमचा रोजचा पैसा अशा ठिकाणी ठेवा जिथं तुम्ही एक रुपयाही देणं लागत नाही.

त्या रात्री जेवताना घरात निवडणूक लागली. उमेदवार तीन. पहिलं बायकोचं खातं. त्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पहिले पैसे आले तेव्हा किती तरी बायांच्या खात्यातून बँकांनी किमान शिल्लकेचा दंड कापला आणि सरकारला बँकांना सांगावं लागलं की बाबांनो, कापू नका. बायकोचं खातं तुझ्यासारखंच बिनझालरीचं, तिचं कापलं नाही. पण तिनं तिथल्या तिथं उमेदवारी मागं घेतली. "माझ्यात तुमचं नगं. तुमचं येणं-जाणं लय. माझं मला राहू द्या." बरोबर बोलली.

दुसरा उमेदवार पोस्टाची पेमेंट्स बँक. २०१८ पासून पोस्टमन दारात मशीन घेऊन येतो, अंगठा घेतो, पैसे देतो. तिची एक गोष्ट मला फारच आवडली : पेमेंट्स बँकेला कर्ज द्यायची परवानगीच नाही. जी कर्ज देत नाही, ती वसुलीला येत नाही. अशी सोयरीक गावात सापडायची नाही. पण शिल्लक दोन लाखांपर्यंतच ठेवता येते आणि आमचा पोस्टमन चार गावांना मिळून एक. तरी लक्षात ठेवलंय. कुणाला गरज पडली तर सांगतो.

तिसरं तू. अकरा वर्षं पेटीत पडलेलं, दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय झालेलं. तुझ्या बँकेत माझं कर्ज नाही, जामीनकी नाही. जुन्याच बँकेत शून्याचं खातं मागायला गेलो असतो तर तिथलं बचत खातं बंद करावं लागलं असतं. एका बँकेत दोन्ही ठेवता येत नाहीत. आणि केलं असतं तरी छप्पर तेच. तेव्हा तू बिनविरोध. योगही जुळला. जनधनला दहा वर्षं झाली म्हणून २०२५ च्या जुलै ते सप्टेंबरात केवायसी ताजं करायची शिबिरं गावोगाव लागली. पुन्हा तीच शाळा, पुन्हा तीच टेबलं. धोतराची गरज पडली नाही; मास्तर नाहीत आता. आधार दिलं, फोटो दिला, तू डोळे उघडलेस. कागदपत्रं पुरी असल्यानं अपुऱ्या कागदांच्या लहान खात्यासारखं पन्नास हजारांचं कुंपणही तुला नाही.

मग सगळ्यात नाजूक काम. सरकारी पैसा नावानं येत नाही, आधारच्या मागं पळतो. आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं असेल, तिकडं. ते थोरल्याला जोडलेलं होतं. फॉर्म भरून तुला जोडून घेतलं. पीएम किसानचे दोन हजार आणि नमो शेतकरीचे दोन हजार पुढच्या खेपेला बरोबर तुझ्या दारात आले. तुझ्या पासबुकात दुसरी ओळ पडली. मशीन खरखरलं तेव्हा मी बाजूच्या म्हाताऱ्याला उगाच म्हणालो, आमचं धाकटं बोलायला लागलं.

आणि लगेच सप्टेंबरचा तो पाऊस. परंडा-भूमकडं हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली. आमच्याकडं माणूस बुडालं नाही, सोयाबीन बुडालं. शेंगेत कोंब आले. ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींची मदत जाहीर केली, त्यात रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर गोष्टींसाठी हेक्टरी दहा हजार असं वेगळं कलम होतं. कागदावर बियाणं हा शब्द पुन्हा दिसला. मदतीच्या रकमेतून वसुली करू नये, असं शासन दर वेळी बजावतं. पण ज्याचा पेढा एकदा काचेमागं अडकलाय, तो दर वेळी काचेवर विश्वास ठेवत नाही. दिवाळीनंतर पैसे आले, तुझ्यात आले, आणि तू ते राखेत घोळून ठेवल्यासारखे ठेवलेस. त्याचाच हरभरा आज फुलावर आहे. नोव्हेंबरचा हप्ता दोन बोकड आणि आडत्याची उचल यातून भरला. बियाण्याला हात लावला नाही. यासाठी तुझे जाहीर आभार.

आभार झाले, आता कान धरतो.

एक. तुला माझा अंगठा का उमटत नाही? ग्राहक सेवा केंद्रातलं पोरगं म्हणतं, "काका, तेल लावा. काका, पुसा. काका, दुसरं बोट." पाच बोटं झाली, हात बदलला. तू अशा माणसांसाठी जन्मलंस ज्यांचे अंगठे खुरप्यानं झिजलेत, आणि ओळख मागतंस ती गुळगुळीत अंगठ्याची. दोन. चार काढण्या. तिसरी झाली की घरात उपास धरल्यासारखं वातावरण होतं. तीन. तुझ्या नावानं दहा हजारांपर्यंत उचल मिळते असं फलकावर लिहिलेलं होतं. मी फलकाखाली उभं राहून विचारलं, तर साहेबांनी फलकाकडं असं बघितलं की जणू तो त्यांनाही आजच दिसला. नको मला उचल. कर्जातून निघणाऱ्याला उचल म्हणजे पथ्याच्या ताटात भजी. पण फलक तरी खरा बोलू दे. चार. सर्व्हर. त्याबद्दल काही लिहीत नाही. शेळी कधी डाउन नसते, एवढंच सांगतो.

गावात काही जण म्हणतात, हे लपवणं आहे. बँकेला टोपी घालून पैसा दुसरीकडं ठेवणं. तुला साक्षीला बोलावतो. तडजोडीच्या अर्जावर तुझा नंबर मी स्वतःच्या हातानं लिहिलाय. हप्ता तुझ्याच पोटातून जातो, तारखेच्या दोन दिवस आधी. बुडवायचं असतं तर पंचेचाळीस हजार जमवायला बोकडं कशाला विकली असती? मी पळवाट काढली नाही, बांध घातला. देण्याचं पाणी एकीकडून जाऊ दे, पेरणीचं दुसरीकडून. दोन्ही एकाच चरात सोडली की आधी बी वाहून जातं आणि मग देणंही फिटत नाही.

पुतण्या पुण्यात एका कंपनीत आहे, त्याला हे बोललो. तो म्हणाला, काका, तुम्ही नवीन काही शोधलं नाही. इंग्लंडात कर्जाच्या तडजोडीत शिरणाऱ्याला पहिला सल्ला हाच देतात, की जिथं देणं नाही अशा बँकेत साधं खातं काढ. जर्मनीत तर २०१० पासून कायदाच आहे. कुणीही आपलं चालू खातं संरक्षित करून मागू शकतो आणि मग जगायला लागेल तेवढी ठरावीक रक्कम दर महिन्याला जप्तीपासून सुटते. ऐकून बरं वाटलं आणि थोडा रागही आला. जर्मनांना आमच्या आजीची उतरंड कळली, आणि आपल्याला आपल्याच १९०८ च्या यादीत एक ओळ वाढवता येईना? भांडी, औत, बैल, बियाणं, आणि खात्यातले पेरणीपुरते पैसे. एवढी एकच ओळ.

ही विनंती तुझ्याकडून होण्यासारखी नाही, ठाऊक आहे. पण तुझी पन्नास कोटी भावंडं आहेत. कुणाचं तरी पासबुक योग्य टेबलावर उघडेल.

तुझ्याकडून मात्र दोन गोष्टी हव्यात. पहिली, आधार सोडू नकोस. मध्येच एखादं पोरगं मोबाइलवर कसलं तरी नवं खातं उघडायला लावतं, ओटीपी घेतं, आणि आधार तिकडं सरकतं. तसं झालं तर मला कळव. कसं कळवशील ते तुझं तू बघ. दुसरी, मे महिन्यात चौथा हप्ता गेला की मला बेबाकी मिळेल. ती घेऊन तलाठ्याकडं जाईन, सातबाऱ्यावरचा बोजा उतरवीन. सिबिलच्या वहीत माझ्या नावापुढं काही वर्षं 'तडजोड' असंच दिसत राहील, पूर्ण फेड असं नाही. ते मी सोसतो. पण तेव्हा थोरल्याचा होल्ड उठेल, साहेब पुन्हा नावानं हाक मारतील, चेकबुक देतो म्हणतील. मी माणूस आहे, भुलेन. त्या दिवशी मला हे पत्र दाखव.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझा,
खातेदार
(सही केली आहे, अंगठा मागू नये.)

ता. क. : काल पासबुक भरून आणलं. शिल्लक सहाशे बारा रुपये आणि या महिन्याची एक काढणी बाकी. बायको म्हणाली, संक्रांतीला तीळ-गूळ आणायचाय, काढा की. मी म्हणालो, ते हरभऱ्याच्या फवारणीचे आहेत. ती काही बोलली नाही. उठली, पासबुक निळ्या पिशवीत घातलं, पेटीत सगळ्यात खाली ठेवलं आणि वरून लुगड्यांची चळत रचली. तीळ तिच्या दीड हजारातून आले.